मूळ रिमच्या पोटात मोठे ब्रेक

सगळं नीट बसलेलं असतं. नवा कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी, घासणाऱ्या पॅडने आवळणारा चिमटा) ब्रॅकेटवर आवळून झालेला, मोठी डिस्क त्याच्या बरोबर मधोमध, ब्रेक ऑइल भरून हवाही काढलेली. मग चाक उचलून हबवर, म्हणजे ते ज्यावर आवळतात त्या मधल्या गोलावर, टेकवायला जावं, तर ते हबपर्यंत पोचतच नाही. दोन मिलिमीटर फट राहते. थोडं फिरवून बघा, जोर लावून बघा, स्पोकची पाठ कॅलिपरच्या अंगाला भिडलेलीच. आता तो देखणा लाल कॅलिपर परत खोलायचा. माझ्यावर ही वेळ एकदा आली आहे आणि चूक सर्वस्वी माझी होती: डिस्कचा व्यास मी तीनदा मोजला होता, कॅलिपर बाहेरच्या बाजूला किती फुगतो ते एकदाही नाही.

वेगवान गाडीला बाजारातले मोठे ब्रेक लावायचे, पण रिम मात्र कंपनीचीच ठेवायची, हा काहींना हट्ट वाटतो. मला त्यात शहाणपण दिसतं. ती रिम त्या गाडीच्या वजनाला, बेअरिंगला आणि स्टिअरिंगच्या भूमितीला जुळवून दिलेली असते. रिम एक इंचाने वाढवली की टायरची भिंत बुटकी होते, चाकाचं वजन बहुतेक वेळा वाढतं, खड्ड्यात रिम वाकायची भीती वाढते आणि टायरही महाग पडतो. म्हणून आधी आहे त्या जागेत काय मावतं ते बघावं. अडचण एवढीच, की ती जागा दिसते तेवढी नसते.

मोठी डिस्क हवी कशाला?

ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर, रस्ता धरून. ताशी शंभराच्या वेगात पेडल पूर्ण दाबलं आणि एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर पायाला जाणवली, तर समजायचं की ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. ती आणखी वाढवून थांबण्याचं अंतर कमी होत नाही. त्या एका थांब्यापुरतं चांगला टायर जे करील, ते सहा पिस्टनच्या, म्हणजे ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या सहा दट्ट्यांच्या, कॅलिपरला जमणार नाही.

मोठ्या डिस्कचं खरं काम उष्णता पोटात घेण्याचं. दीड हजार किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून थांबते, तेव्हा सुमारे २३ लाख ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. साधं सात लिटर पाणी उकळीला आणायला जवळपास इतकीच ऊर्जा लागते, आणि इथे करकचून ब्रेक लावला तर हे सगळं सहा सेकंदांत उरकायचं असतं. वेग निम्मा, म्हणजे १०० असता, तर ऊर्जा एक चतुर्थांश झाली असती, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून ढोबळमानाने ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला आठ लाख ज्यूल येतात. डिस्क आठ किलो बिडाची असेल तर त्या एका थांब्यात ती साधारण २०० अंशांनी तापेल. दहा किलोची असेल तर १६० अंशांनी. चाळीस अंशांचा हा फरक एकदाच थांबायचं असेल तर किरकोळ आहे. ट्रॅकवर मात्र प्रत्येक फेरीत असे चार-सहा थांबे लागोपाठ येतात, डिस्कला मध्ये निवायला उसंत मिळत नाही, आणि हे चाळीस-चाळीस साठत जातात.

साठलेली उष्णता दोन प्रकारे दगा देते. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड जाते. पेडल कडकच लागतं, पण गाडी हवी तशी थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात ब्रेक ऑइल उकळतं. द्रव दाबून आकसत नाही, वाफ आकसते, म्हणून पेडल ओल्या स्पंजासारखं खाली जातं. ही दोन लक्षणं वेगवेगळी ओळखता यायला हवीत, कारण पैसा कुठे घालायचा ते तिथेच ठरतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. तेच ऑइल ओलावा शोषून बसलं की त्याच दर्जात धरलेली किमान पातळी १५५ अंशांवर उतरते. तीन-तीन वर्षं जुनं ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरलेला गडी जेव्हा म्हणतो की ब्रेक छोटे पडतात, तेव्हा माझा पहिला सल्ला ऑइल बदलण्याचा असतो, दुसरा चांगल्या पॅडचा आणि डिस्कचा नंबर तिसरा. निम्म्याहून अधिक जणांचं दुसऱ्या सल्ल्यावरच भागत असावं, असं मला वाटतं.

तिसऱ्यापर्यंत पोचलेल्यांसाठी या लेखाचा पुढचा भाग.

रिमवरचा आकडा आणि रिमचं पोट

डिस्क किती मोठी करायची याला वरचं कुंपण रिमचंच असतं. फॉर्म्युला वनचंच बघा: २०२१ पर्यंत तिथे १३ इंची चाकं होती आणि डिस्क २७८ मिलिमीटरपर्यंतच. २०२२ मध्ये चाकं १८ इंची झाली आणि पुढची डिस्क एकदम ३३० च्या घरात गेली. रस्त्यावरच्या गाड्यांतही हेच नातं दिसतं. बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीतली एम३ मुळात १८ इंची रिमवर यायची, पुढे ३२५ मिलिमीटरची डिस्क आणि एका पिस्टनचा सरकता कॅलिपर. तिचीच हलकी केलेली सीएसएल आली ती १९ इंची चाकं आणि ३४५ च्या डिस्कसह. साध्या एम३ चा मालक आपल्या १८ इंची रिमकडे बघतो, आत बोट घालून चाचपतो आणि म्हणतो, इथे ३५५ सहज मावेल.

या धंद्यात एक ठोकताळा चालतो: १७ इंचात ३३०, १८ इंचात ३५५, १९ इंचात ३८०. ठोकताळा वाईट नाही, पण तो आशा देतो, हमी देत नाही. का, ते आकडे मांडून बघू.

१८ इंच हा व्यास टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला, बाहेरून मोजलेला. म्हणजे ४५७ मिलिमीटर, निम्मे केले की २२८. पण टायर रिमवर चढवता यावा म्हणून रिमच्या घेराला मध्ये एक खोलगट पन्हाळ ठेवलेली असते. टायर चढवताना एका बाजूची कड या पन्हाळीत ढकलली, तरच दुसरी बाजू रिमच्या काठावरून ओलांडून जाते. ही पन्हाळ सतरा-अठरा मिलिमीटर आत घुसते, शिवाय धातूची स्वतःची जाडी चार-पाच. वजाबाकी केली की केंद्रापासून २०५ ते २०७ मिलिमीटर उरतात. आता ब्रेकच्या बाजूने मोजा. ३५५ च्या डिस्कची त्रिज्या १७७.५. डिस्कच्या कडेवरून कॅलिपरचा पूल जातो, तो कॅलिपरच्या दोन्ही बाजू एकत्र धरतो. तो आणि त्याखालची मोकळी फट मिळून २५ ते ३० मिलिमीटर. बेरीज २०२.५ ते २०७.५. एखाद्या रिममध्ये यातून चार-साडेचार मिलिमीटर उरतील, दुसरीत शून्याच्याही खाली जाल. दोन्ही रिमवर शिक्का मात्र १८ इंचाचाच.

पन्हाळ रिमच्या रुंदीत नेमकी कुठे आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतं. कॅलिपर चाकाच्या बाहेरच्या बाजूला, स्पोकच्या लगत बसतो. पन्हाळही तिकडेच असेल तर ती थेट कॅलिपरच्या डोक्यावर येते. आतल्या बाजूला असेल तर कॅलिपर तिच्यापासून वाचतो. शिवाय ओतीव रिम साच्यातून सुटून निघावी म्हणून तिचा घेर स्पोककडे किंचित निमुळता होत जातो, आणि स्पोक घेराला मिळतो तिथे धातूचा गोलसर भराव असतो. कॅलिपरचा बाहेरचा कोपरा नेमका याच भरावाला घासतो. म्हणूनच चांगल्या कॅलिपरचे कोपरे तासलेले दिसतात. तो काही नुसता दिखावा नसतो.

एवढं करून घेराकडची बाजू जमली, तरी खरी चकमक बहुधा स्पोकशी होते. कारण कॅलिपरच्या जातीत आहे. कंपन्या बऱ्याच गाड्यांना सरकता कॅलिपर देतात: पिस्टन फक्त आतल्या बाजूला, बाहेर नुसती दोन बोटं, जी बाहेरचा पॅड ओढून धरतात. ही बोटं पातळ असतात. बाजारातला मोठा कॅलिपर बहुतेक वेळा स्थिर असतो, त्याचे पिस्टन दोन्ही बाजूंना. बाहेरच्या अंगालाही पिस्टन, त्याचं सिलिंडर आणि त्यामागचा धातू मावायला हवा, म्हणून तो स्पोककडे बराच जास्त पुढे येतो. आणि मूळ रिमचे स्पोक बनले ते त्या पातळ बोटांना जागा सोडून.

इथे ऑफसेटवरून हमखास गफलत होते. ऑफसेट म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे ते. त्यावरून रिमचा घेर गाडीच्या आत किंवा बाहेर किती सरकला हे कळतं. हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून स्पोकची पाठ किती पुढे आहे हे मात्र त्यावरून मुळीच कळत नाही. त्यामुळे व्यास, रुंदी, ऑफसेट तिन्ही तंतोतंत सारखे असलेल्या दोन रिमपैकी एक बसते आणि एक अडते. सरळ, बाहेर फुगलेले स्पोक असतील तर जागा जास्त. बशीसारखे आत वळलेले असतील तर कमी. ते दिसतात झकास, पण कॅलिपरचे वैरी असतात.

पुठ्ठ्याचा साचा

म्हणून अंदाज बाजूला ठेवून मोजायचं. मोठे ब्रेक विकणाऱ्या अनेक कंपन्या कॅलिपरच्या आडव्या छेदाचा खऱ्या मापाचा नकाशा देतात. तो छापायचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा, चाक काढून पालथं, दर्शनी बाजू खाली करून ठेवायचं, साचा चाकाच्या हबला टेकणाऱ्या पृष्ठभागावर टेकवून पूर्ण गोल फिरवायचा. जिथे पुठ्ठा अडेल तिथे कॅलिपरही अडेल. इतकं सोपं आहे, म्हणूनच लोक टाळतात.

फक्त छापताना प्रिंटरला पानात बसवून छापू देऊ नका. तो गुपचूप तीन टक्के आकसून छापतो. तीन टक्के म्हणजे २१० मिलिमीटरमागे सहा मिलिमीटर, म्हणजे तुमची सगळी फट त्यातच गेली. नकाशावर एक मापाची रेघ असते, ती छापल्यावर पट्टीने तपासा. साचा फिरवताना चाकाचा तोल साधायला रिमवर चिकटवलेले जुने शिसाचे किंवा पोलादाचे तुकडे, व्हॉल्व्हची मुळी, ओतकामाचे उंचवटे, सगळ्यांवरून नेऊन बघा.

मोकळी जागा किती असावी? दोन्ही दिशांना तीन मिलिमीटर धरून चालावं, त्याखाली मी जात नाही. उभ्या गाडीत कागदाएवढी फटसुद्धा पुरेशी वाटते. पण वळणावर रिम लवते, बेअरिंगमध्ये सूक्ष्म हालचाल असते, तापल्यावर कॅलिपर थोडा फुगतो. शिवाय फट फारच कमी असली की एखादा खडा घेर आणि कॅलिपर यांच्यामध्ये सापडतो आणि रिमच्या आत गोल चर कोरून ठेवतो. सरकत्या कॅलिपरच्या बाबतीत आणखी एक: पॅड झिजत जातात तसा तो आत सरकतो. जुन्या पॅडवर जागा मोजली असेल तर नवे पॅड घातल्यावर तीच जागा कमी भरेल. स्थिर कॅलिपरचा हा त्रास नाही, त्याचं अंग जागचं हलत नाही.

खात्री करायची शेवटची युक्ती लहान मुलांच्या मातीची. कॅलिपरच्या तोंडावर आणि पाठीवर मातीच्या गोळ्या चिकटवायच्या, चाक लावून नट आवळायचे, हाताने एक पूर्ण फेरी द्यायची, चाक काढायचं. चेपलेल्या गोळीची जाडी म्हणजे तुमची खरी फट.

स्पेसर

स्पोक दोन मिलिमीटरने अडत असेल तर पहिला मोह स्पेसरचा होतो. पाच मिलिमीटरची चकती हब आणि चाक यांच्यामध्ये टाकली, झालं. बऱ्याचदा खरंच होतं. पण स्पेसर फक्त स्पोकपासून सुटका करतो. घेराशी भांडण असेल तर तो मिटवीलच असं नाही. चाक बाहेर सरकलं की पन्हाळ कॅलिपरच्या संदर्भात सरकते, कधी दूर जाते, कधी नेमकी डोक्यावर येऊन बसते. म्हणून साचा स्पेसरसह पुन्हा फिरवायचा.

बाकीची पथ्यं मात्र मुकाट्याने पाळायची. स्पेसर टाकला की बोल्ट किंवा स्टड त्याच्या जाडीइतके जास्त लांब हवेत. आट्यांची पकड कमीत कमी बोल्टच्या व्यासाइतकी असावी, म्हणजे १२ मिलिमीटरच्या बोल्टला १२ मिलिमीटर. चाक मध्यावर धरणारी हबची कड पातळ स्पेसरमुळे झाकली जाते, चाकाला धरायला तिचा एखादा मिलिमीटरच उरतो आणि गाडी वेगात थरथरू लागते. चाक बाहेर गेलं की मडगार्डला घासतंय का, तेही चाक पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून बघायचं. पाच मिलिमीटरपर्यंत माझी फारशी तक्रार नाही. पंधरा मिलिमीटर लागत असतील तर तो कॅलिपर त्या रिमसाठी नाहीच, हे मान्य करावं.

चार पिस्टन म्हणजे चौपट ताकद नव्हे

जागा जमली, तरी ब्रेक जुळला असं होत नाही, आणि ही बाजू डोळ्यांना दिसत नसल्यामुळे जास्त फसवते. पिस्टनची संख्या बघून लोक खूश होतात. मोजायचं असतं ते क्षेत्रफळ, आणि तेही स्थिर कॅलिपरच्या एकाच बाजूचं. कारण सरकत्या कॅलिपरचा एकटा पिस्टनही दोन्ही पॅड आवळतो: एकाला ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने दुसऱ्याला ओढतो. ५७ मिलिमीटरच्या एका पिस्टनचं क्षेत्रफळ भरतं सुमारे २५५० चौरस मिलिमीटर. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये एका बाजूला ३८ आणि ४२ मिलिमीटरचे दोन असतील तर त्यांची बेरीज सुमारे २५२०. दोन्ही जवळजवळ सारखेच! म्हणजे आवळण्याचा जोर तोच राहिला. फायदा मिळाला तो पॅडवर दाब सारखा पसरण्याचा, मोठ्या पॅडचा आणि कडक, खात्रीच्या पेडलचा.

आणि सारखंच असणं ही इथे चांगली गोष्ट आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ फार वाढलं तर पेडलमागच्या मास्टर सिलिंडरला तेवढं जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि पेडल खोल जाऊ लागतं. शिवाय फक्त पुढचे ब्रेक दांडगे झाले तर पुढची चाकं आधी जाम होऊ पाहतात, एबीएस लवकर जागा होतो आणि मागच्या टायरची पकड वापरलीच जात नाही. मोठा खर्च करून गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते, असं खरोखर घडू शकतं. डिस्क मोठी झाली की तरफही लांब होते: पॅडच्या मध्यापर्यंतची त्रिज्या १४० वरून १५२ मिलिमीटर झाली तर तेवढ्यानेच पुढची पकड आठ-नऊ टक्के वाढते. म्हणून समजून बनवलेल्या किटमध्ये पिस्टन थोडे लहानच ठेवतात. गंमत म्हणजे पॅडचा घर्षणांक ०.३५ वरून ०.४५ झाला, तर पकड २८ टक्क्यांहून जास्त वाढते. डिस्कपेक्षा पॅडच तोल जास्त बिघडवतो, पण पॅड बदलताना तोलाची चिंता करणारा माणूस मी फारसा पाहिलेला नाही.

किट विकणाऱ्याला म्हणून एकच प्रश्न विचारा: हे पिस्टन माझ्या गाडीच्या मास्टर सिलिंडरला आणि मागच्या ब्रेकला धरून निवडले आहेत का? उत्तरात नुसता पिस्टनचा आकडा पुन्हा ऐकू आला, तर दुसऱ्या दुकानात जा.

बसवतानाच्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत, त्यातल्या दोनच सांगतो. ब्रेकचा पाइप चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन लोंबकळत ठेवून तपासा, ताणलेला किंवा घासणारा चालणार नाही. आणि हवा काढण्याचा निपल वरच्या टोकाला असायला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो, हवा वर अडकून बसते आणि माणूस बाटल्यांवर बाटल्या ऑइल ओतत राहतो. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर शेजारी जाणता मेकॅनिक असू द्या. आणि विमा कंपनीला हा बदल कळवावा लागतो का, तेही आधीच विचारा.

हे सगळं पार पडून वर्षभर गाडी सुरेख चालते. मग टायर बदलायला चाकं दुकानात जातात. तिथला कारागीर बॅलन्सिंग करताना चिकटवण्याची वजनं रिमच्या आत, स्पोकच्या अगदी मागे लावतो, कारण नेहमीच्या गाड्यांत ती तिथेच शोभतात आणि बाहेरून दिसत नाहीत. वजनाची जाडी असते तीन-चार मिलिमीटर. तुमची फट तीन. पहिल्याच फेरीत टक-टक-टक असा आवाज येतो, दोन किलोमीटरनंतर थांबतो आणि स्टिअरिंग थरथरू लागतं, कारण वजन आता रस्त्यावर कुठेतरी पडलेलं असतं. म्हणून रिमच्या आतल्या भागात, कॅलिपरच्या वाटेबाहेर, मार्करने एक पट्टी आखून त्यावर ‘वजन इथे’ असं लिहून ठेवा, आणि चाक लावून झालं की गाडी जॅकवर असतानाच हाताने एक फेरी फिरवून कान द्या.